स्वरयंत्र काढल्यानंतरचा खोकला: तुमचे प्रश्न

स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांच्या घरून एकच तक्रार सारखी येते, ती म्हणजे न थांबणारा खोकला. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): बाबांनी एचएमई फिल्टर (मानेतल्या श्वासाच्या छिद्रावर बसणारा, ओलावा टिकवणारा फिल्टर) लावला आणि खोकला, कफ उलट वाढला. आठवड्यात काढून ठेवला. समोरच बांधकाम चालू आहे. काय करावं?

आजच परत लावा. ऑपरेशनआधी नाक हवेला गरम करत होतं, ओलावा देत होतं, धूळ अडवत होतं. आता बाहेरची कोरडी हवा मानेच्या छिद्रातून थेट श्वासनलिकेत जाते. नलिका कोरडी पडली की शरीर जास्त कफ तयार करतं, तो सुकतो आणि छिद्राच्या कडेला तपकिरी, कडक खपली धरते. सोडलेल्या श्वासातला ओलावा फिल्टर धरून ठेवतो आणि पुढच्या श्वासाबरोबर आत पाठवतो. सुरुवातीला साचलेला घट्ट कफ पातळ होऊन सुटतो, म्हणून वाढल्यासारखा वाटतो. नेमकं याच वेळी लोक कंटाळतात आणि मग सहा महिने खोकत बसतात! काही आठवडे दिवसरात्र लावला तरच फरक कळतो. फिल्टरची कॅसेट (बदलायचा भाग) साधारण 24 तासांनी बदलावी, कफाने भरली तर त्याआधी. 'धुवा आणि पुन्हा लावा' सांगणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका; धुतल्यावर ओलावा धरायची तिची ताकद जाते. खर्च झेपत नसेल तर निदान फोमचा बिब किंवा ओलसर सुती रुमाल छिद्रावर ठेवा, आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात मदतीचं विचारा. तरीही खोकला कमी झाला नाही, तर बाबांना दाखवायला आणा.

प्रश्न (ऐरोली): शेजारच्या काकू कापूर आणि बाम घालून वाफ द्यायला सांगतात. चालेल?

नाही. श्वासनलिकेचं आतलं अस्तर भाजतं, चुरचुरतं. सलाइनचं नेब्युलायझेशन (मिठाच्या पाण्याचे बारीक तुषार यंत्राने श्वासात घेणं) डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रश्न (खारघर): पाणी प्यायलं की लगेच ठसका लागतो. बोलण्यासाठी व्हॉइस प्रॉस्थेसिस (श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधला छोटा व्हॉल्व्ह) बसवलं आहे.

व्हॉल्व्ह गळत असावा. कफ सिरप घेत दिवस घालवू नका. पाणी थेट फुप्फुसात जातं. याच आठवड्यात दाखवा, ताप असेल तर आजच.

प्रश्न (कळवा): कफात रक्ताचे धागे दिसतात. आणि रात्री श्वास अडकला तर?

बहुतेक वेळा कारण कोरडेपणाच असतं, पण ते तपासल्यावरच म्हणता येतं; दाखवून घ्या. खपली चिमट्याने ओढू नका. श्वास अडकला तर रुग्णवाहिका बोलवा आणि ऑक्सिजन मानेच्या छिद्रावर द्यायला सांगा, नाकातोंडावर नाही. 'मी मानेतून श्वास घेतो' असं मराठी आणि इंग्रजीत लिहिलेलं कार्ड कायम खिशात असू द्या.