बारावीनंतरच्या सुट्टीत कम्युनिटी कॉलेजचा कोर्स घ्यावा का?

मुलीला कॅलिफोर्नियात यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, प्रवेश मिळालेला असताना उन्हाळ्यात तिला कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयाचा) कोर्स घ्यायला लावावा का आणि त्यामुळे तिचा ‘फ्रेशमन’, म्हणजे पहिल्या वर्षाच्या नव्या विद्यार्थ्याचा, दर्जा जाईल का, असे आपण विचारले आहे. दर्जा जात नाही. शाळा संपल्यावर लगेच येणारे उन्हाळी सत्र यूसी त्या हिशेबात धरत नाही. कोर्स मात्र अवश्य घ्यावा.

आमच्या मुलाने संख्याशास्त्र घेतले तेव्हा माझ्या थोरल्या दिरांनी भर पंगतीत, “अगं, कुठेच प्रवेश न मिळालेली मुलं तिथे जातात, लोक काय म्हणतील?” असे सुनावले. राज्यातल्या रहिवाशाला तिथे युनिटमागे (युनिट म्हणजे विषयाचा भार मोजण्याचे एकक) ४६ डॉलर, म्हणजे चार युनिटच्या या विषयाला १८४ डॉलर शुल्क पडते. त्या दिवशीच्या पंगतीला याहून बराच अधिक खर्च झाला होता. वर्गात मुलाच्या शेजारी बसणारी चाळिशीची बाई रुग्णालयातली रात्रपाळी संपवून थेट तिथे येई, कारण नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिला हा विषय हवा होता. वहीच्या समासात प्रत्येक सूत्रापुढे ती स्पॅनिशमध्ये टिपण करी आणि प्राध्यापकांच्या ऑफिस अवरला, म्हणजे शंका विचारण्यासाठी राखलेल्या वेळेला, सर्वांआधी हजर असे. शाळेत कधी तोंड उघडून शंका न विचारलेले आमचे चिरंजीव तिच्या मागोमाग तिथे जाऊ लागले, आणि पुढे विद्यापीठातही ती सवय टिकली. ‘ही मुलं’ आणि ‘आपली मुलं’ अशी वाटणी करणाऱ्यांनी त्या वर्गात एकदा बसून पाहावे.

विषय निवडण्यापूर्वी, कोणता कोर्स यूसीतल्या कोणत्या विषयाऐवजी चालतो हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर तपासावे. खाजगी विद्यापीठे अनेकदा अशा कोर्सचे क्रेडिट (पदवीसाठी धरले जाणारे गुणांक) नाकारतात. सबंध सत्राचा अभ्यास सहा-आठ आठवड्यांत उरकतात, त्यामुळे मुलगी नोकरीही करणार असेल तर एकाच विषयावर थांबावे. मिळालेली ग्रेड कायमची नोंदली जाते आणि पुढे मेडिकलला अर्ज केल्यास तीही मोजली जाते; तेव्हा झेपत नसल्यास मुदतीत नाव काढून घ्यावे.

दिरांची धाकटी लेक पुढल्या जूनमध्ये बारावी होईल. तिचा अर्ज मी भरून देईन, असे त्यांना मी आधीच कळवून ठेवले आहे.