जुना फ्लॅट विकण्यापूर्वी रंगकाम आणि नवे किचन करून घ्यावे का?

पुण्यातील 30 वर्षे जुना, दोन बेडरूमचा फ्लॅट विकण्याआधी रंगकाम आणि मॉड्युलर किचन करून घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते किचनला हात लावू नये. रंग जरूर द्यावा, पण सर्वांत शेवटी. कोथरूडमधला आईवडिलांचा फ्लॅट विकताना मी नेमका उलटा क्रम धरला होता, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला ओल होती. मी मे महिन्यात पोपडे खरवडून, पुट्टी भरून झकास रंग लावून घेतला. जुलैत घर पाहायला आलेल्या गृहस्थांनी काही न बोलता त्या भिंतीवर तळहात ठेवला आणि रंगाचा पापुद्रा त्यांच्या बोटांना चिकटून आला. त्यानंतर त्यांचा बाकीच्या घरावरचाही विश्वास उडाला, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. ओल कुठून येते हे आधी प्लंबरकडून तपासून घ्यावे. फरशीच्या सांध्यांतून पाणी झिरपत असेल तर ते काम आपले. दोन सदनिकांमधील गळती संबंधित सदस्यांनी आपसांत मिटवायची असते. परंतु गच्चीतून पाणी उतरत असेल तर ती दुरुस्ती सोसायटीची जबाबदारी असल्यामुळे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. दुरुस्तीनंतर भिंत पूर्ण सुकल्याशिवाय रंगाऱ्याला बोलावू नये.

किचनवरचा खर्च बहुधा वसूल होत नाही, कारण इतके जुने घर घेणारा माणूस ओटा स्वतःच्या सोयीने पुन्हा बांधून घेतो. गळके नळ, अडकणारी कडी, बंद पडलेला फ्लश आणि पिवळट दिवे मात्र बदलावेत. ही कामे तुलनेने कमी खर्चाची असतात. माळा आणि ड्राय बाल्कनी रिकामी करावी. हॉलमधले आईवडिलांचे हार घातलेले फोटो काढा, असे एजंटने सांगितले तेव्हा मला राग आला होता. पण फोटो आतल्या खोलीत नेल्यावर येणारी माणसे सोफ्यावर जरा मोकळेपणाने बसू लागली, हे खरे आहे.

आता घराइतकीच तयारी कागदांची करावी. जुन्या इमारतीतला ग्राहक जमिनीतल्या वाट्याकडेही बघत असतो, त्यामुळे सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण (म्हणजे जमीन आणि इमारतीची मालकी सोसायटीकडे येणे) झाले आहे का आणि पुनर्विकासाचा विषय सर्वसाधारण सभेत आला आहे का, हे तो विचारणारच. त्याची उत्तरे सचिवांकडून आधी मिळवून ठेवावीत. मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीतल्या सभासदत्वाचा दाखला), मालमत्ता कराची पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला एका फाइलीत लावावा. आमच्या शेअर सर्टिफिकेटवर वडिलांच्या पश्चात वारसांची नावे चढवायची राहून गेली होती. भिंत दुरुस्त झाल्यावर मिळालेल्या दुसऱ्या ग्राहकाचे कर्ज तेवढ्यासाठी अडीच महिने अडकले. त्यामुळे प्लंबरला बोलवाल त्याच आठवड्यात ते सर्टिफिकेट उघडून त्यावरची नावे वाचावीत.