नक्षी शोधावी कुठे, निवडावी कशी? क्विल्टिंग आणि मशीन भरतकामाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेली काही वर्षे मी क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या तीन थरांच्या गोधड्या, शिवते आहे. आवडलेल्या नक्ष्यांची शेकडो छायाचित्रे फोनमध्ये साठवली आहेत. पण कापड समोर घेऊन बसले की त्यांतील एकही उतरवता येत नाही आणि मी पुन्हा चौकोनाला चौकोन जोडत राहते. कल्पना नेमक्या कुठे शोधाव्यात आणि चित्रावरून शिवता येईल असा नमुना कसा काढावा, याविषयी मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपल्याकडे चित्रांची वाण नाही, चित्रातून नमुना वेगळा काढण्याचा सराव तेवढा हवा आहे. साठवलेली बहुतेक छायाचित्रे दुसऱ्या कुणीतरी शिवलेल्या क्विल्टची असतात. तयार क्विल्टकडे पाहताना आपल्याला नक्षी आवडली, रंगसंगती आवडली, कापडावरची छपाई आवडली की छायाचित्र काढणाऱ्याने साधलेला उजेड, हे पुष्कळदा आपले आपल्यालाच सांगता येत नाही. म्हणून काही दिवस क्विल्टची चित्रे पाहणे बंद करावे आणि जिथे रचना उघडी दिसते अशा गोष्टींकडे वळावे, हे उत्तम. फरशा, जाळीच्या खिडक्या, विटांची बांधणी, विणलेल्या टोपल्या, लाकडातील जडावकाम या सगळ्यांत नक्षी सरळ कडांनी बांधलेली असते. रोममधील मध्ययुगीन चर्चांच्या संगमरवरी फरशा, ज्यांना कॉस्माती घराण्यावरून कॉस्मातेस्क म्हणतात, त्रिकोण-चौकोनांच्या बारीक तुकड्यांनी भरलेल्या आहेत. त्यांतील कित्येक भाग जसेच्या तसे कापडात उतरतात, कारण दगड कापणाऱ्या कारागिराची अडचण आणि आपली अडचण एकच आहे: तुकड्याला तुकडा भिडला पाहिजे आणि मध्ये फट राहता कामा नये.

फरशीचे छायाचित्र कागदावर छापून घेतले की त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून आधी एकच गोष्ट शोधावी. शेजारीशेजारी मांडत गेल्यास पूर्ण फरशी तयार होईल, असा सर्वांत लहान चौकोन कोणता? तो सापडला की उभ्या-आडव्या समान रेषांनी त्याची घरे पाडून पाहावीत. नक्षी तीन घरांत बसते, चार घरांत, की पाच किंवा सात घरांत, एवढे कळले की नमुना हाती आला, कारण क्विल्टचे बहुतेक पारंपरिक ब्लॉक, म्हणजे शेजारीशेजारी जोडायचे नक्षीचे चौकोन, याच हिशेबावर उभे आहेत.

समजा, फरशीवर आठ टोकांची चांदणी आहे आणि ती ४ बाय ४ घरांत बसते. १२ इंचांचा ब्लॉक करायचा तर प्रत्येक घर ३ इंचांचे झाले. मधल्या चार घरांचा मिळून ६ इंचांचा एकच चौकोन होतो, कोपऱ्यांत ३ इंचांचे चार चौकोन येतात आणि उरलेल्या आठ घरांत गडद-फिकट त्रिकोणांच्या जोड्या असतात. चहूबाजूंनी पाव इंच माया धरून मधला चौकोन साडेसहा इंचांचा आणि कोपऱ्यांचे साडेतीन इंचांचे कापावेत. त्रिकोणांच्या जोडीसाठी मात्र तयार मापात ७/८ इंच मिळवावा लागतो. म्हणजे ३ ७/८ इंचांचे चार गडद आणि चार फिकट चौकोन कापावेत. एक गडद आणि एक फिकट चौकोन सुलट बाजू आत घेऊन एकावर एक ठेवावा, कर्णरेषा आखावी, तिच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप मारावी आणि मग रेषेवरच कापावे. एका जोडीतून दोन घरे निघतात, चार जोड्यांतून आठ. एवढे गणित एकदा हाताखालून गेले की कोणत्याही फरशीकडे पाहताना तुकडे किती आणि कापड किती लागेल याचा अंदाज आपोआप बांधला जाऊ लागतो.

हा एकच ब्लॉक फिरवून किंवा आरशातल्यासारखा उलटा करून मांडला, तर नवी नक्षी शोधण्याची गरज अनेकदा उरतच नाही. दोन्ही दिशांना पुन्हापुन्हा येणाऱ्या सपाट नक्षीचे सममितीच्या दृष्टीने फक्त १७ प्रकार संभवतात, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ येवग्राफ फ्योदोरोव यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. सतराच्या सतरा पाठ करण्याची आवश्यकता नाही. परंतु कर्णावर दुभागलेले सोळा चौकोन जमिनीवर मांडून ते चार-पाच पद्धतींनी फिरवून पाहिले, तर चांदण्या, भिरभिऱ्या, नागमोडी पट्टे आणि एकात एक चौकोन असे सर्व काही तेवढ्याच तुकड्यांतून निघते. प्रत्येक मांडणीचे छायाचित्र घेऊन ते काळे-पांढरे करून पाहावे. रंग काढून टाकल्यावरही नक्षी स्पष्ट दिसली तर ती टिकेल. नुसता करडा पट्टा दिसला तर, उदाहरणार्थ, लाल आणि हिरवा हे रंग भिन्न असूनही त्यांच्या छटा सारख्याच गडद आहेत असे समजावे आणि त्यांपैकी एक बदलावा. नवशिक्यांची नक्षी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच, आकारात नव्हे.

क्विल्टचीच चित्रे पाहायची असतील तर जुनी पाहावीत. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात अमेरिकन क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर टांगून प्रदर्शन भरवले गेले, आणि लांबून पाहिल्यावर त्यांतील गडद-फिकटाचा ताल किती विचारपूर्वक सांभाळला होता हे अनेकांच्या प्रथमच लक्षात आले. अलाबामातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी वापरून जुन्या झालेल्या कामाच्या कपड्यांतून शिवलेले क्विल्ट आवर्जून पाहावेत. त्यांच्या पट्ट्या मोजून कापलेल्या नाहीत, रेषा तिरप्या जातात, आणि तरीही रचना ढळत नाही. क्विल्ट इंडेक्स हा ऑनलाइन संग्रहही विनामूल्य पाहता येतो आणि त्यात जुन्या क्विल्टच्या नोंदी छायाचित्रांसह दिलेल्या आहेत.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली क्विल्टची चित्रे सर्वत्र फिरत असतात आणि त्यांचे ‘नमुने’ही विकले जातात. चित्र मोठे करून शिवणीच्या रेषा बोटाने गिरवत जाव्यात. रेषा मध्येच विरली, शेजारच्या दोन ब्लॉकमधील तुकड्यांची संख्या जुळली नाही किंवा टीप कापडाच्या छपाईत मिसळून गेली, तर ते चित्र कुणीही शिवलेले नाही आणि आपल्यालाही शिवता येणार नाही.

प्रश्न : माझ्या भरतकाम यंत्राला १३० बाय १८० मिलिमीटरचा हूप (कापड ताणून धरणारी चौकट) आहे. एक तयार नक्षी उतरवून घेतली आणि संगणकावर दीडपट मोठी केली, तर टाक्यांमधून कापड दिसू लागले. उलट दुसरी लहान केली, तर ती पुठ्ठ्यासारखी कडक झाली आणि सुई तुटली. यंत्राच्या भरतकामासाठी नक्षी निवडताना काय पाहावे? स्वतः काढलेल्या चित्रावरून नक्षी करता येते का?

उत्तर : आपल्या हातून अवघड असे काही चुकलेले नाही, फाइलचे स्वरूप ध्यानात घेतले की दोन्ही प्रकारांचा उलगडा होतो. आपण उतरवून घेतलेल्या फाइलमध्ये चित्र नसते, सुईने पुढचा टाका कुठे घालायचा याची यादी असते. नेहमीच्या जाडीच्या, म्हणजे ४० नंबरच्या धाग्याने भरणी करताना दोन ओळींमध्ये साधारण ०.४ मिलिमीटर अंतर ठेवतात. टाक्यांची संख्या तेवढीच ठेवून नक्षी दीडपट ताणली की हे अंतर ०.६ होते आणि कापड डोकावू लागते. ७० टक्क्यांवर आणली की ते ०.२८ होते, धाग्यावर धागा चढतो आणि सुईला जागाच उरत नाही. काही सॉफ्टवेअर आकार बदलताना टाक्यांची फेरआखणी करतात, काही करत नाहीत. खात्री नसेल तर १० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, फार तर २० टक्के. त्याहून मोठा फरक हवा असेल तर त्या मापाची फाइलच शोधावी. चांगले नक्षीकार एकच नक्षी तीन-चार मापांत स्वतंत्रपणे आखून देतात.

फाइलचा प्रकारही पाहावा लागतो. ब्रदर कंपनीची यंत्रे पीईएस प्रकारची फाइल वाचतात, जानोमे कंपनीची जेईएफ. ताजिमाच्या औद्योगिक यंत्रांसाठी निघालेला डीएसटी हा प्रकार अनेक यंत्रांवर चालतो. पण त्यात रंगांची नोंद नसते, फक्त रंग बदलण्याची खूण असते. त्यामुळे पडद्यावर पान जांभळे आणि फूल हिरवे दिसले तर घाबरून जाऊ नये. नक्षीसोबत आलेला रंगांचा तक्ता समोर ठेवून धागे ओवावेत.

स्वतःच्या चित्रावरून नक्षी निश्चित करता येते. इंकस्केप या विनामूल्य चित्र-सॉफ्टवेअरला इंक-स्टिच नावाची तशीच विनामूल्य जोड मिळते, आणि शिकण्यासाठी ती पुरेशी आहे. मात्र चित्र आत टाकले की टाके बाहेर येतील, अशी अपेक्षा ठेवू नये. आयझॅक ग्रोब्ली यांनी १८६३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शिफ्ली भरतकाम यंत्र तयार केले, तेव्हा नक्षी सहापट मोठी काढून तिच्यावर प्रत्येक टाका आखावा लागे आणि कारागीर त्या आराखड्यावरून टोकदार दांडा फिरवून यंत्र चालवत असे. टाका कुठून निघून कुठे जाईल हा निर्णय तेव्हाही माणसाचा होता आणि आजही चांगले काम तसेच होते. आपोआप टाके पाडून देणारी बटणे चित्राची बाह्यरेषा तेवढी ओळखतात, पाकळीवरचे टाके देठाकडे झुकले पाहिजेत हे त्यांना उमगत नाही.

चित्र निवडण्यासाठी एक साधी कसोटी आहे. ते प्रत्यक्ष मापात कागदावर छापावे आणि एक मिलिमीटर जाडीच्या टोकाच्या पेनाने गिरवावे. पेनाने जे काढता आले नाही, उदाहरणार्थ पक्ष्याच्या डोळ्यातील चमक किंवा पानाच्या कडेचे बारीक दाते, ते धाग्यातही नीट येणार नाही. ते वगळावे किंवा मोठे करावे. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा बुटकी अक्षरेही ४० नंबरच्या धाग्याने गिचमीड होतात, त्यांना ६० नंबरचा बारीक धागा लागतो. दुसऱ्या टोकाला, साटीन टाक्याची, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणाऱ्या लांब टाक्यांची, पट्टी सात मिलिमीटरहून रुंद झाली की सैल धागे अडकून ओढले जातात, तिथे भरणीचा टाका घ्यावा. टाके ज्या दिशेने जातात त्या दिशेने कापड आवळले जाते, म्हणून आडव्या टाक्यांनी भरलेले वर्तुळ शिवून झाल्यावर उभट दिसते. आखतानाच ते आडव्या दिशेने किंचित रुंद ठेवतात. मागे स्टॅबिलायझर, म्हणजे कापडाला आधार देणारे अस्तर, लावल्याने हे आवळणे कमी होते, संपत नाही. ताणल्या जाणाऱ्या कापडाला कापून काढायचा स्टॅबिलायझर लावावा, घट्ट विणीच्या सुती कापडावरील हलक्या नक्षीला फाडून काढायचा पुरतो.

प्रश्न : क्विल्टचा वरचा थर शिवून तयार आहे. आता तिन्ही थर एकत्र शिवताना त्यावर कोणती नक्षी घ्यावी, हे ठरत नाही. भरतकाम यंत्रावर हे काम करता येईल का?

उत्तर : करता येईल, परंतु भरीव नक्षी घेऊ नये. दाट भरणीमुळे क्विल्ट तेवढ्या जागी कडक होतो आणि भोवतीचे कापड चुण्या धरते. एकेरी रेषेची, न तुटणारी नक्षी निवडावी; तयार नक्ष्यांत ‘एज टू एज’ किंवा ‘कंटिन्युअस लाइन’ या नावांनी ती मिळते. आधी मधल्या थराचे, म्हणजे बॅटिंगचे, पाकीट वाचावे. दोन टिपांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते त्यावर दिलेले असते. काही बॅटिंगला ते ३-४ इंच असते, काहींना ८ ते १० इंच. नक्षी त्याहून विरळ असेल तर कितीही आवडली तरी ती बाजूला ठेवावी, नाहीतर धुण्यात आतला थर गोळा होतो.

साध्या यंत्रावर मोकळ्या हाताने शिवायचे असेल तर नक्षी आधी कागदावर पेन्सिल न उचलता काढून पाहावी. एखादी आकृती न उचलता आणि कोणतीही रेषा दोनदा न गिरवता काढता येते की नाही, याचा नियम गणितज्ञ ऑयलर यांनी १७३६ मध्ये मांडलेल्या विचारातून आला आहे: विषम संख्येने रेषा एकत्र येतात असे बिंदू एकही नसावेत किंवा नेमके दोन असावेत. कडेच्या दोन रेषा आणि मधोमध शीर असे पान घेतले, तर देठापाशी तीन रेषा आणि टोकापाशीही तीन. असे पान एका दमात काढता येते, पण देठापाशी सुरू केले की शेवट टोकावर होतो आणि वेलीवर परतायचा मार्ग राहत नाही. शीर जवळजवळ दुहेरी घेतली की हा प्रश्न सुटतो. डाव्या कडेने वर जावे, शिरेवरून खाली यावे, तिला लागूनच पुन्हा वर जावे आणि उजव्या कडेने देठाशी उतरावे; धागा न तोडता पुढचे पान सुरू करता येते.

वरचा थर आधीच छापील कापडाने गजबजलेला असेल तर टीप दिसतच नाही, तेव्हा सरळ समांतर रेषांवर भागवावे. मोठे मोकळे सपाट तुकडे असतील तरच पिसे, वेली किंवा एकात एक कमानी घेण्यात अर्थ आहे.

प्रश्न : संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरील जुन्या नक्ष्या वापरून तयार केलेल्या वस्तू विकता येतात का?

उत्तर : पुष्कळदा येतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आणि स्मिथसोनियन संस्थेने २०२० मध्ये आपल्याकडील लाखो चित्रे व्यावसायिक वापरासह खुली केली. ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाचीही असंख्य चित्रे मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. प्रत्येक चित्राखालील परवान्याची ओळ मात्र वाचलीच पाहिजे, कारण त्याच संकेतस्थळावर न खुली केलेली चित्रेही असतात. अनेक देशांत निर्मात्याच्या मृत्यूनंतर ५० ते ७० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस १८९६ मध्ये वारले, त्यामुळे त्यांची १८८३ ची पक्षी आणि स्ट्रॉबेरी असलेली प्रसिद्ध नक्षी स्वतः पाहून रेखाटण्यास आणि टाक्यांत आखण्यास अडथळा नाही. तीच नक्षी आज कुणी भरतकामाची फाइल करून विकत असेल, तर त्या फाइलवर त्याचा हक्क असतो. चांदणी किंवा लॉग केबिनसारखे पारंपरिक ब्लॉक सर्वांचे आहेत. ते शिवण्याची कुणी लिहिलेली कृती आणि काढलेल्या आकृत्या मात्र तशा नाहीत, त्या छापून वाटू नयेत. विकत घेतलेल्या फाइलच्या परवान्यात शिवलेली वस्तू विकण्याची मुभा असली, तरी फाइल दुसऱ्याला पाठवण्याची मुभा बहुधा नसते.