रिस्टोरेटिव्ह सर्कल म्हणजे ब्लॅक मुलांना सूट का?

प्रश्न असा होता: "माझी बहीण कॅलिफोर्नियात असते. तिच्या सातवीतल्या मुलाला शाळेत एका ब्लॅक मुलानं ढकललं, ओठ फुटला. शाळेने त्या मुलाला सस्पेंड न करता दोघांना 'रिस्टोरेटिव्ह सर्कल'मध्ये बसायला बोलावलंय. हे ब्लॅक मुलांना सूट द्यायचं धोरण आहे का? आणि त्यात थेरपी, काउन्सेलर वगैरे कशाला?"

आधी भाच्याबद्दल. त्याला लागलंय, तो घाबरला असणार, आणि त्या सर्कलमध्ये (म्हणजे ज्याचं चुकलं तो आणि ज्याला सोसावं लागलं तो, यांनी गोल करून बसून काय झालं ते बोलायचं आणि ते नीट कसं करायचं ते ठरवायचं) बसायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं असतं. शाळेनं 'बसावंच लागेल' असं सांगितलं असेल तर शाळा चुकतेय, बहिणीला आजच कळवा. बाकीचं सविस्तर सांगते कारण हे माझं रोजचं काम आहे. मी मूळची सांगलीची, गेली अकरा वर्षं कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडला, त्यातली सात एका सरकारी मिडल स्कूलमध्ये काउन्सेलर म्हणून. सहावी ते आठवी. निम्म्याच्या आसपास मुलं ब्लॅक, बाकी बरीचशी मेक्सिको-ग्वातेमालाहून आलेल्या घरांतली.

'सूट' हा शब्द मला आपल्या लोकांकडून फार ऐकायला मिळतो. मंडळाच्या गणपतीत, मुलांच्या वाढदिवसाला, सगळीकडे. म्हणून आधी हे बघू की सस्पेंड कोण होत होतं. १९९४ मध्ये अमेरिकेत एक कायदा आला, शाळेत बंदूक आणली तर वर्षभर बाहेर. बंदुकीपुरतं कुणाचंच काही म्हणणं नव्हतं, पण तीच 'झिरो टॉलरन्स'ची सवय हळूहळू सगळ्याला लागली, म्हणजे उलट बोललं तर बाहेर, टोपी काढली नाही तर बाहेर, वर्गात उशिरा आलं की बाहेर. आणि बाहेर जाणारी मुलं कोण? २०१३-१४ च्या सरकारी आकडेवारीत सरकारी शाळांमधल्या मुलांत ब्लॅक मुलं साधारण १५.५ टक्के होती आणि सस्पेंड झालेल्यांत ३९ टक्के. त्याच्या आधीचा, २०११-१२ चा प्रीस्कूलचा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला खरंच रडू आलं होतं. प्रीस्कूल म्हणजे आपली बालवाडी, तीन-चार वर्षांची पोरं. त्यात ब्लॅक मुलं १८ टक्के, आणि एकाहून जास्त वेळा सस्पेंड झालेल्यांत ४८ टक्के. चार वर्षांच्या मुलाला घरी पाठवून काय शिकवायचं असतं?

कुणी म्हणेल ती मुलं जास्त दंगा करत असतील. येल विद्यापीठात २०१६ मध्ये एक प्रयोग झाला. प्रीस्कूलच्या शिक्षकांना व्हिडिओ दाखवला आणि सांगितलं की यात कुठे दंगा सुरू होतोय असं वाटतंय का बघा, आणि त्यांचे डोळे कुठे जातात ते यंत्रानं मोजलं. व्हिडिओत दंगा नव्हताच. तरी नजर सगळ्यात जास्त वेळ ब्लॅक मुलग्यावर होती, आणि हे ब्लॅक शिक्षकांच्या बाबतीतही दिसलं. म्हणजे वाईट माणसं शोधून काढून हा प्रश्न सुटणारा नाहीये, नजरच तशी तयार झालीये, आणि ज्या मुलावर दिवसभर नजर असते त्याची प्रत्येक चूक सापडते.

इथे कॅलिफोर्नियात या सगळ्याला एक सोयीचा शब्द होता, 'विलफुल डिफायन्स'. मराठीत सरळ उर्मटपणा म्हणा. कुणाला काय उर्मट वाटेल याला माप नाही, त्यामुळे यात सगळं बसायचं. ओकलंडच्या शाळा बोर्डानं २०१५ मध्ये ठरवलं की फक्त उर्मटपणासाठी कुणाला सस्पेंड करायचं नाही, आणि राज्यानं पण टप्प्याटप्प्यानं तेच केलं, आता २०२४ च्या जुलैपासून बारावीपर्यंत. पण नीट वाचा, हे उर्मटपणापुरतं आहे. मारामारी केली, कुणाला इजा केली तर आजही सस्पेंड करता येतं, मुलगा कुठल्याही रंगाचा असो. तुमच्या भाच्याच्या शाळेनं ते केलं नाही हा त्या शाळेचा निर्णय आहे, कायद्यानं त्यांचे हात बांधलेले नाहीत.

आता थेरपी कशाला ते. एका मुलाची गोष्ट सांगते, ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदलून. तेरा वर्षांचा. हुडी घालून यायचा आणि वर्गात हुड काढायचा नाही. शाळेत नियम आहे की हुड काढायचा. टीचरनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर जरा मोठ्यानं सांगितलं, तसा तो उठला आणि कचऱ्याच्या डब्याला लाथ मारली, डबा जाऊन एका मुलीच्या टेबलावर आपटला आणि तिचा लॅपटॉप खाली पडला. आधीच्या शाळेतून त्याला असल्याच गोष्टींसाठी दोनदा घरी पाठवलं होतं, फाइलवर 'अॅंगर इश्यूज' लिहिलेलं.

माझ्याकडे आला तेव्हा पहिला अर्धा तास तो बोललाच नाही. मी पण नाही बोलले. मग हळूच म्हणाला, "मिस, माझे केस बघण्यासारखे नाहीयेत." हुडाखाली कॉर्नरोज अर्ध्या सुटलेल्या, म्हणजे डोक्याला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या असतात ना त्या. दर दोन आठवड्यांनी त्याची आजी घालून द्यायची. तिनंच त्याला वाढवलेलं. तिला पॅरालिसिसचा झटका येऊन तीन आठवडे ती हॉस्पिटलमध्ये होती, तो मावशीकडे सोफ्यावर झोपत होता आणि हे शाळेत एकाही माणसाला माहीत नव्हतं. कारण कुणी विचारलंच नव्हतं, सगळ्यांनी फक्त हुड काढ म्हणून सांगितलं.

त्याच्या जागी एखादं रडणारं, गप्प बसणारं मूल असतं तर टीचरनी जवळ घेऊन विचारलं असतं काय झालं बाळा. याच्या दुःखाला उर्मटपणा समजलं गेलं. ब्लॅक मुलांचं, त्यातून मुलग्यांचं असंच होतं, तोच ताण, तीच भीती, पण ते मूल काउन्सेलरच्या खोलीत पोचायच्या आधी प्रिन्सिपलच्या ऑफिसात पोचतं. शिस्तीची फाइल आणि मानसिक आरोग्याची फाइल वेगळी ठेवली की असं होणारच. आणि याची किंमत किती मोठी आहे तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ ते १२ वयाच्या ब्लॅक मुलांमधलं आत्महत्येचं प्रमाण त्याच वयाच्या गोऱ्या मुलांच्या साधारण दुप्पट निघालं. इतकी वर्षं समज असा होता की हा प्रश्न ब्लॅक समाजात कमी आहे. पुढच्या वर्षी अमेरिकी संसदेतल्या ब्लॅक खासदारांच्या गटानं बॉनी वॉटसन कोलमन यांच्या नेतृत्वाखाली यावर एक अहवाल काढला, तेव्हा कुठे जरा बोलणं सुरू झालं.

आणि शाळांत माणसं कोण ठेवली होती? नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं २०१९ मध्ये सरकारी आकडे काढून दाखवलं की देशात सुमारे १७ लाख मुलं अशा शाळांत आहेत जिथे पोलीस आहे पण काउन्सेलर नाही. आमच्या ओकलंडच्या शाळांचं तर स्वतःचं वेगळं पोलीस खातं होतं, ते २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या ब्लॅक माणसाचा पोलिसानं खून केल्यानंतर बोर्डानं एकमतानं बंद केलं. त्यासाठी इथल्या ब्लॅक पालकांनी आणि मुलांनी कित्येक वर्षं मागणी लावून धरली होती, फ्लॉइडनंतर फक्त ती ऐकली गेली.

तर त्या हुडवाल्या मुलाचं सर्कल. गोल खुर्च्या, मध्ये टेबल नाही. एक वस्तू हातोहात फिरते, ती ज्याच्या हातात तोच बोलतो. माझ्याकडे त्यासाठी सावंतवाडीचा लाकडी भोवरा आहे, पोरांना तो फार आवडतो. प्रश्न साधे असतात. काय झालं, तेव्हा मनात काय चाललं होतं, कुणाला काय सोसावं लागलं, आता हे नीट करायला काय करावं लागेल. बसले कोण तर तो, त्याची मावशी, टीचर, लॅपटॉपवाली मुलगी आणि तिचे वडील. त्या आधी मी प्रत्येकाशी वेगवेगळं बोलले होते, दोन दिवस गेले त्यात. टीचर म्हणाली की मला हुडाचं काही नव्हतं रे, पण तू माझ्याकडे बघतच नव्हतास आणि बाकीची अठ्ठावीस मुलं माझ्याकडे बघत होती. ती मुलगी म्हणाली की तिला आवाजाची भीती वाटते, आणि का वाटते ते पण सांगितलं, ते इथे लिहीत नाही. तो मुलगा आतापर्यंत खाली बघत होता, तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर केली.

ठरलं असं की दोन आठवडे लंच ब्रेकमध्ये तो लॅपटॉपची ट्रॉली चार्जिंगला लावणार आणि तिच्या लॅपटॉपचं काय झालंय ते टेक्निशियनबरोबर बसून बघणार. टीचर काही सांगायचं असेल तर सगळ्यांसमोर न बोलता चिठ्ठी टेबलावर ठेवणार. आणि आमच्या कॅफेटेरियात काम करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी मावशीला विचारून शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्याच्या वेण्या घालून दिल्या, दीड तास लागला. सोमवारी तो हुड न घालता आला. शाळेच्या आवारातल्या क्लिनिकमध्ये त्याला थेरपिस्ट मिळाला तो मात्र सात आठवड्यांनी, आणि त्याला ब्लॅक पुरुष थेरपिस्ट हवा होता तो मिळालाच नाही, कारण असे लोक मुळात फार कमी आहेत. ही सात आठवड्यांची वाट मला आजही खुपते. सर्कलमध्ये एखादं मूल मनातलं सगळं बाहेर काढतं आणि मग त्याला आपण म्हणायचं की थांब, नंबर लागला की सांगतो. हे अर्धवट सोडल्यासारखं आहे.

हे सगळं कुणा गोऱ्या प्रोफेसरच्या डोक्यातून आलंय असंही नाही. न्यूझीलंडमध्ये १९८९ ला माओरी लोकांच्या पद्धतीवरून मुलांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंबाला एकत्र बसवायचा कायदा झाला, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत गोल करून बसायची रीत फार जुनी आहे. ओकलंडला हे शाळांत आणण्यामागे फानिया डेव्हिस या वकील बाई होत्या, ब्लॅक हक्कांच्या चळवळीतल्या प्रसिद्ध अँजेला डेव्हिस यांची बहीण. त्यांनी २००५ मध्ये इथे संस्था काढली, वेस्ट ओकलंडच्या कोल मिडल स्कूलमध्ये पहिला प्रयोग झाला आणि २०१० पासून पूर्ण डिस्ट्रिक्टनं, म्हणजे ओकलंडच्या सरकारी शाळांच्या कारभारानं, स्वीकारलं. त्याच्याही आधी याच गावात ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाची स्वतःची शाळा होती, १९७३ ते १९८२, एरिका हगिन्स ती चालवायच्या. तिथे मुलांना जेवण मिळायचं, ध्यान शिकवायचे आणि एखाद्याचं चुकलं तर मुलांचंच एक मंडळ त्याच्याशी बसून बोलायचं. हो, तेच पँथर ज्यांच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर नाव घेतलं. मी सांगलीत शाळेत असताना आमच्या वर्गातल्या काही ठरावीक मुलांनाच सर बेंचवर उभं करायचे आणि ती कुठल्या वस्तीतली होती हे मला ओकलंडला आल्यावर, इथली आकडेवारी वाचताना एकदम लक्षात आलं. तेव्हा कधीच नव्हतं आलं.

आता दुसरी बाजू, कारण तुमच्या बहिणीला ती कळायला हवी. पिट्सबर्गच्या ४४ शाळांमध्ये दोन वर्षं या रिस्टोरेटिव्ह पद्धतीची नीट चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांना हा कार्यक्रम दिला, निम्म्यांना नाही. सस्पेन्शन कमी झाली, ब्लॅक आणि गोऱ्या मुलांमधली दरी कमी झाली, शिक्षक म्हणाले वातावरण सुधारलं. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे मार्क घसरले. २०१८ मध्ये तो अहवाल आला तेव्हा आमच्यातल्या काहींना तो आवडला नाही, मला वाटतं तो भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. मिडल स्कूल अवघड असतं, तिथे नुसतं ट्रेनिंग देऊन भागत नाही, माणसं लागतात.

आणि मी स्वतः एक सर्कल बिघडवलंय. आधीच्या शाळेत, नवीन होते. एका मुलीला दुसरी महिनाभर छळत होती. वरून निरोप आला की आजच्या आज मिटवा. मी कुणाशीच आधी न बोलता दोघींना समोरासमोर बसवलं, छळणारीनं 'सॉरी' म्हटलं, मी फॉर्म भरला. ती सोसणारी मुलगी पुढचे चार दिवस शाळेत आली नाही. तिची आई येऊन मला म्हणाली की तुम्ही माझ्या मुलीला तिला माफ करायला लावलंत, आणि ते अगदी खरं होतं. दोघी ब्लॅक होत्या. म्हणजे तुमच्या प्रश्नातली 'सूट' तिथे कुणालाच नव्हती, वाईट सर्कलचा त्रास पण त्यांच्याच मुलांना झाला. त्या सोसणाऱ्या मुलीच्या आईला मी नंतर तीनदा भेटले, तिसऱ्यांदा तिनं चहा घेतला.

पैशाचं सध्या वाईट चाललंय. २०२२ मध्ये टेक्ससमधल्या उवाल्डीच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर दोन्ही पक्षांनी मिळून शाळांत मानसिक आरोग्याची माणसं नेमायला मोठा निधी मंजूर केला होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या शिक्षण खात्यानं त्यातली सुमारे १ अब्ज डॉलरची अनुदानं पुढे चालू ठेवणार नाही म्हणून कळवलं. त्याच महिन्यात शिस्तीच्या बाबतीत वंशाच्या आकडेवारीवरून धोरणं ठरवण्याच्या विरोधात राष्ट्राध्यक्षांचा आदेश पण आला.

बहिणीला सांगा, शाळेला फोन करून एवढं विचारायचं. सर्कल कोण घेणार आहे आणि त्या माणसानं ट्रेनिंग घेतलंय का. माझ्या मुलाशी आधी एकट्याशी बोलणार का. तो नाही म्हणाला तर चालेल ना, आणि मग दुसरा पर्याय काय. मी किंवा त्याचे बाबा बसू शकतो का. ठरलेलं पाळलं जातंय की नाही हे दोन आठवड्यांनी कोण बघणार. आणि त्या दुसऱ्या मुलाशी काउन्सेलर बोललाय का, हे पण विचारा, त्याची माहिती ते देणार नाहीत पण प्रश्न नोंदला जाईल. पहिल्या दोन प्रश्नांना धड उत्तर मिळालं नाही तर सध्या नको म्हणून सांगायचं, त्यात काही गैर नाही. भाचा काय म्हणतोय ते इथे लिहा, मी बघते.