ओळखपत्राचं माप ठरलेलं, घोळ जाडीत

प्रश्न : शाळेची ओळखपत्रं करून घ्यायची आहेत. एक दुकानदार ‘५४ बाय ८६’ म्हणतो, दुसरा ‘एटीएम साइज’, तिसरा ‘सीआर ८०’. ऑर्डर देताना नेमकं काय लिहायचं?
— एक शिक्षिका, गुहागर

तिघंही एकाच कार्डाबद्दल बोलताहेत. आयएसओ/आयईसी ७८१० या मानकात त्याला ‘आयडी-१’ म्हणतात. लांबी ८५.६० मिमी, रुंदी ५३.९८ मिमी, जाडी ०.७६ मिमी आणि कोपऱ्यांची गोलाई साधारण ३ मिमी त्रिज्येची. बँकेचं कार्ड, पॅन कार्ड, स्मार्ट कार्डवरचं लायसन्स ही सगळी याच मापाची. त्याच मानकात आयडी-२ (१०५ × ७४ मिमी) आणि आयडी-३ (१२५ × ८८ मिमी) हीही मापं आहेत. आयडी-३ म्हणजे पासपोर्टच्या पुस्तिकेचं माप. मुलांसाठी आयडी-१च घ्या, कारण त्याची कव्हरं कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात.

फाइल ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) १०११ × ६३८ पिक्सेलची करा. शीटवर छापून मग कापणार असतील, तर चारही बाजूंनी २ मिमी रंग जादा वाढवा आणि नाव-फोटो कडेपासून ३ मिमी आत घ्या. दोरीच्या खाचेसाठी साधारण १४ × ३ मिमी जागा आधीच मोकळी सोडा, नाहीतर शाळेच्या नावातलं एखादं अक्षर पंचाखाली जातं. कार्ड प्रिंटरवर छापणार असाल तर खाच छपाईनंतरच पाडा. आधी पाडली तर तिच्या कडांनी प्रिंटरची रंगाची रिबन फाटते आणि प्रिंटहेडही खराब होऊ शकतो.

प्रश्न : मच्छीमार सोसायटीच्या सभासदांसाठी ८०० मायक्रॉनची कार्डं घेतली. टिकावीत म्हणून दोन्ही बाजूंना लॅमिनेशन केलं. आता ती कार्ड रीडरच्या फटीत अडकतात, आणि काही तर कमानीसारखी वाकली आहेत.
— सचिव, हर्णै

अडकण्याचं कारण साध्या बेरजेत आहे. मानकाप्रमाणे जाडी ०.७६ मिमी, त्यात ०.०८ इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ०.६८ ते ०.८४. तुमचं कोरं कार्डच ८०० मायक्रॉनचं, म्हणजे ०.८० मिमीचं (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिमी). वर ५० मायक्रॉनची फिल्म दोन्ही बाजूंना लावली तर ०.९० होतं. फटीत जाणाऱ्या कार्डावर फिल्म चढवायचीच असेल, तर मूळ कार्ड तेवढं पातळ घ्यायला हवं.

बाजारात ‘मिल’ हा शब्दही चालतो आणि तिथे बरीच फसगत होते. मिल म्हणजे मिलिमीटर नव्हे, इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. ३० मिल म्हणजे ०.७६ मिमी, २० मिल म्हणजे जेमतेम ०.५१. हातात घेऊन हा फरक चटकन कळत नाही, पण २० मिलचं कार्ड वर्षभर गळ्यात राहिलं की खाचेपाशी चिरतं.

पैसे देण्याआधी दुकानातच दहा कार्डं एकावर एक रचा, हलकं दाबा आणि पट्टीने उंची मोजा. ७.६ मिमीच्या आसपास यायला हवी. ६.८च्या खाली किंवा ८.४च्या वर गेली तर परत करा. व्हर्नियर कॅलिपर असेल तर एकच कार्ड मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांशी मोजा. ड्रॅगन शीट नावाच्या छपाईच्या प्लास्टिक शीटची कार्डं थरांवर थर ठेवून उष्णता आणि दाबाने चिकटवतात. दाब सगळीकडे सारखा नसला तर एक कोपरा जाड, दुसरा पातळ होतो.

वाकण्याचं कारणही बहुतेक तिथेच. शीट दाबाखालीच थंड व्हावी लागते. घाईने गरम काढली की ती कमान धरते. दोन्ही बाजूंची फिल्म वेगवेगळ्या जाडीची असली तरीही कार्ड एका अंगाला ओढलं जातं. सपाट काचेवर ठेवून पाहा. जाडी धरून कार्डाची उंची दीड मिलिमीटरच्या आत हवी. होडीच्या केबिनमध्ये काचेलगत उन्हात ठेवलेलं चांगलं कार्डही वाकतं, कारण पीव्हीसी तापलं की मऊ पडतं. वाकलेली कार्डं इस्त्रीने सरळ करायला जाऊ नका, छपाई विरघळेल.

प्रश्न : कार्ड पारदर्शक कव्हरला चिकटतं आणि फोटोचा रंग कव्हरवर उतरतो. क्लिपही एका पावसाळ्यात गंजते.
— हॉटेल व्यवस्थापक, मालवण

मऊ कव्हरचं प्लास्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घालतात. उष्म्यात ते कार्डावर येतं आणि रंग सैल करतं. पॉलिप्रॉपिलिनचं किंवा कडक पॉलिकार्बोनेटचं कव्हर वापरा. छापून घेताना वर संरक्षक थर आहे ना, ते विचारून घ्या. इंकजेट कार्डाच्या लेपात दमट हवेतलं पाणी मुरतं, म्हणून कोरी कार्डं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. क्लिप प्लास्टिकची घ्या. खाऱ्या वाऱ्यात साध्या लोखंडी क्लिपवरचा मुलामा लवकर सुटतो.

प्रश्न : कागदी कार्ड लॅमिनेट करून चालेल का?
— वाचक, देवगड

नुसतं दाखवायला चालेल. १२५ मायक्रॉनचं पाउच म्हणजे दोन बाजू मिळून पाव मिलिमीटर, त्यात कागद धरला तरी आयडी-१च्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास. कागदाभोवती ३ मिमी प्लास्टिकची कड राखा. कागदालगत कापलं की पावसाचं पाणी कडेने आत शिरतं. भोकही कागदातून पाडू नका.

प्रश्न : हजेरीच्या कार्डाला दोरीसाठी भोक पाडलं आणि ते बंद पडलं.
— वाचक, रत्नागिरी

यंत्राजवळ नुसतं धरायच्या अशा कार्डात चिपला जोडलेली अँटेना असते, तिची तार तुटली. ती सहसा कडेलगत वेटोळं घालून फिरते. पुढच्या वेळी अंधारात कार्डामागे मोबाइलचा टॉर्च धरा. पांढऱ्या कार्डात बहुधा तारेची बारीक रेघ दिसते. ती चुकवता येत नसेल तर पंच करूच नका, कार्ड खाचेच्या कव्हरमध्ये घाला. तुटलेलं कार्ड दुरुस्त होत नाही, नवंच घ्यावं लागेल.