पकडलेल्या जर्मन लढाऊ विमानाचा खरा क्रमांक कोणता आणि त्याचा माग कसा काढायचा?

तुम्ही विचारलंय की, वॉशिंग्टनजवळच्या उडवार-हाझी केंद्रातलं (हा अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या विमान संग्रहालयाचा भाग) दुसऱ्या महायुद्धातलं फॉक-वुल्फ १९० हे जर्मन विमान कुठे ६४००६९ म्हणून नोंदलेलं दिसतं तर कुठे ९३१८८४ म्हणून, मग खरं काय?

दोन्ही खरं आहे. विमान आधी 'ए-७' प्रकारचं लढाऊ विमान म्हणून कारखान्यातून बाहेर पडलं, तेव्हा ते ६४००६९ होतं. पुढे त्याची पुन्हा बांधणी होऊन ते बाँबही टाकू शकणारं 'एफ-८' झालं, तेव्हा त्याला ९३१८८४ हा क्रमांक मिळाला. १९८० ते १९८३ या काळात स्मिथसोनियनच्या कारागिरांनी ते पूर्ण खोललं, तेव्हा कारखान्याची जुनी पट्टी आत सापडली.

म्हणून माझं सांगणं असं की, बाहेरचा रंग आणि अंगावरचे मोठे आकडे बघून काहीही ठरवू नका. ते अनेकदा नंतर रंगवलेले असतात. आधी कारखान्याचा क्रमांक, म्हणजे जर्मन 'वेर्कनुमर' शोधा. मग पकडणाऱ्यांनी दिलेला क्रमांक बघा: ब्रिटिशांचा 'एअर मिन', अमेरिकनांचा 'एफई', जो पुढे 'टी-२' झाला. तुमच्या प्रश्नातल्या विमानाचा असा क्रमांक एफई-११७. जुलै १९४५ मध्ये फ्रान्सच्या शेरबूर्गहून 'रीपर' ही विमानवाहू नौका अशी चाळीसेक विमानं घेऊन अमेरिकेला निघाली. त्यांतली बरीचशी इंडियानातल्या फ्रीमन फील्डवर गेली आणि चाचण्या संपल्यावर काही शिकागोजवळच्या पार्क रिजला. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि ती जागा हवाई दलाला हवी झाली. स्मिथसोनियनचे पॉल गार्बर यांनी जमतील तेवढी विमानं मेरीलँडला हलवली, उरलेली भंगारात गेली. एखाद्या क्रमांकाचा माग या सुमारास अचानक तुटला, तर कारण बहुधा हेच. गार्बर यांनी धडपड केली नसती तर तुमच्या प्रश्नातलं विमानही आज नसतं.

पण क्रमांक जुळला म्हणजे सगळं विमान एकच, असंही धरून चालू नका. 'डी-१३' प्रकारचं ८३६०१७ हे फॉक-वुल्फ अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये पडून होतं. पुढे ते ॲरिझोनात गेलं आणि लक्षात आलं की त्याचे पंख त्याचे नाहीतच. ते होते ओहायोतल्या डेटनच्या अमेरिकन हवाई दल संग्रहालयातल्या 'डी-९' प्रकारच्या ६०१०८८ चे! अमेरिकेत आल्यावर अदलाबदल झाली होती. शेवटी ज्याचे पंख त्याला परत मिळाले. ही हकीकत कळल्यापासून मी धड, पंख आणि इंजिन यांचा माग वेगवेगळा काढतो.

याच डेटनच्या संग्रहालयात मेसरश्मिट १६३ हे रॉकेट विमान आहे, वेर्कनुमर १९१०९५. युद्धानंतर ते कॅनडात गेलं, १९९९ मध्ये डेटनला आलं. कॅनडात दुरुस्तीसाठी खोललं तेव्हा इंधनाची टाकी आणि तिला धरणारा पट्टा यांच्यामध्ये दगड खोचलेला सापडला. विमान उडताना टाकी घासून फुटावी म्हणून तो मुद्दाम घातलेला. पंखाच्या जोडणीतल्या सरसातही भेसळ केल्याच्या खुणा होत्या. विमान जोडणारे कामगार सक्तीने कामाला लावलेले फ्रेंच लोक होते. त्या विमानासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. पकडले गेले असते तर जीव गेला असता, तरी त्यांनी तो दगड घातला आणि धडाच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी, आपल्या भाषेत देशप्रेमाच्या ओळीही लिहून ठेवल्या.