‘पॅरिश’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की इंग्लंडातल्या डर्बीशायरमधल्या ईम गावच्या प्लेगची हकिगत मराठीत लिहितोय, तर ‘पॅरिश’ला परगणा आणि ‘रेक्टर’ला, म्हणजे पॅरिशच्या मुख्य धर्मगुरूला, पुजारी चालेल का. (स्पेलिंग बघून तुम्ही एयाम लिहिलंय, पण उच्चार ईम.)

परगणा नको हो. परगणा म्हटलं की कितीतरी गावांचा महसुली मुलूख डोळ्यासमोर येतो, आणि पॅरिश म्हणजे एक चर्च नि त्याच्या भोवतीची वस्ती. वसईचे कॅथलिक लोक यालाच ‘धर्मग्राम’ म्हणतात, छान रुळलेला शब्द आहे, गोव्यात कोंकणीत ‘फिर्गज’, तो पोर्तुगीजवरून आला. पण ईमला मी धर्मग्राम लावणार नाही, कारण इंग्लंडातलं त्या काळचं पॅरिश नुसतं धर्माचं नव्हतं, 1538 पासून बाप्तिस्मा-लग्न-दफनाची वही तिथेच ठेवायची आणि 1601 च्या कायद्याने गरिबांना पोसायची जबाबदारीही पॅरिशवरच, म्हणजे जवळजवळ ग्रामपंचायतच झाली की ती.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तर परक्या मुलखात वस्ती करून राहणं असा होता, ते आता कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

मी काय करेन, पहिल्यांदा ‘पॅरिश’च लिहून अर्ध्या ओळीत समजावेन आणि पुढे सरळ ‘गाव’. आपल्याकडे गाव म्हणजे जागाही आणि माणसंही, ‘अख्खा गाव लोटला’ म्हणतो ना आपण? ईमच्या गोष्टीला तेच हवंय. 1665 मध्ये लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून रोग आला असं सांगतात, आणि पुढच्या जूनमध्ये गावानं ठरवलं की कुणी बाहेर जायचं नाही. चर्च बंद, प्रार्थना उघड्या घळीत, आणि ज्याची माणसं त्यानंच पुरायची. हॅनकॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. इथे ‘पॅरिशने निर्णय घेतला’ लिहिलंत तर सरकारी पत्रक वाटेल.

पुजारी तर अजिबात नको, देवळातली घंटा ऐकू येते. ‘धर्मगुरू’ चालेल, पण तुमच्या मजकुरात दोघंजण आहेत, तेव्हाचा रेक्टर माँपेसन आणि 1662 मध्ये पद गेलेला स्टॅन्ली, आणि गावाला तयार केलं ते दोघांनी मिळून, म्हणून पद सांगताना ‘रेक्टर’च ठेवा. फक्त त्याला विकर करू नका, विकर मुळात बदली माणूस, दशमांशाचा, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा, मोठा वाटा रेक्टरचा.

आणि हो, ‘बाउंड्री स्टोन’ला सीमादर्शक पाषाण केलंय ते बदला बुवा. शिवेचा दगड. त्याला भोकं आहेत, नाण्यांवरून रोग लागू नये म्हणून त्यात व्हिनेगर ओतून गावकरी नाणी टाकायचे आणि शेजारच्या गावचे लोक तिथे सामान ठेवून पैसे उचलून न्यायचे.